सात पुढे, एक मागे

४ फेब्रुवारी

पोरी, आधी माफी मागतो. तू परदेशात कामाला जाताना ही वही टेबलावर ठेवून गेलीस त्याला दोन वर्षं होऊन गेली आणि मी आज पहिलं पान उघडतोय. "बाबा, फोनवर तुम्ही 'बरं आहे'च्या पुढे जातच नाही. वहीत खरं काय ते लिहा. मी आले की वाचेन," असं म्हणाली होतीस. लिहिण्यासारखं काही घडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. घडत होतं. लिहायची लाज वाटत होती. त्यात सहावीत शाळा सुटलेला माणूस, माझं अक्षर तुला ठाऊकच आहे.

आज लिहायला बसलो कारण काल मला तुझा टाका सापडला.

नीट पहिल्यापासून सांगतो. तुला फोनवर सांगतो की मी घरी असतो, सकाळी फिरतो, दुपारी पडतो. तुझ्या आईला सांगतो की वाचनालयात जातो. दोन्ही खोटं. सप्टेंबरपासून मी कामाला जातो. बंदराच्या रस्त्याला जुना बर्फाचा कारखाना होता ना, त्याच्या शेडमध्ये. तिथला मालक तिशी-पस्तिशीचा आहे. त्याच्या सदऱ्याला कधी एक चुणी दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला कडक म्हणतो. तो स्वतः घरी आला होता. दारातून म्हणाला, "मास्तर आहेत का?"

माझं शिलाईचं दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मला कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. भाजीवाला काका म्हणतो, बँकेतली मुलगी आजोबा म्हणते. काम कसलं हे विचारायच्या आधीच मी मान हलवून बसलो.

काम असं. तू गेलीस त्याच देशातून तयार कोट येतात. गळ्याच्या आत अस्तरावर एक पट्टी असते. मोठ्या अक्षरात देशाचं नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात कारखान्याचा नंबर नि असलंच काही. ती पट्टी अर्ध्या ब्लेडने उसवायची. सुईची भोकं वाफेच्या इस्त्रीने मिटवायची. मग त्याच जागी जरा रुंद पट्टी शिवायची, आपल्या देशाच्या नावाची. की झाला कोट आपल्याकडचा. ज्या तयार कपड्यांनी माझं दुकान बुडवलं त्यांच्याच गळ्यात हात घालून मी दिवसभर बसलेला असतो.

काल एका कोटाचं बटण सहज चिमटीत धरलं आणि हात थांबला. बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याची जी मान असते, तिच्याभोवती सगळे शिंपी मनाला येतील तेवढे वेढे घेतात आणि गाठ मारतात. आपल्यात गाठ नसते. माझे वस्ताद सात वेढे पुढे घ्यायचे आणि एक मागे. तो मागचा एक बाकीच्या सातांना धरून ठेवतो. कापड फाटेल पण बटण सुटायचं नाही. वस्तादांचा शिष्य मी एकटा. माझी तू एकटी. दहा वर्षांची होतीस, माझ्या समोर बसून शिकलीस म्हणून आधी सगळंच आरशातल्यासारखं उलट्या बाजूने करायचीस. मग मी तुला शेजारी बसवली.

सात पुढे, एक मागे. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातचा असा टाका मी पाहिलेला नाही.

पण तू तर म्हणतेस की तू आता सुपरवायझर आहेस.

८ फेब्रुवारी, रविवार

तुझा फोन आला. आई बोलली आणि मग मी.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो. तुझं काम?"

"मस्त. काचेची केबिन आहे. दिवसभर नुसती देखरेख."

"म्हणजे सुई वगैरे..."

"छे! सुई धरून वर्ष झालं. विसरले असेन मी."

"मीही विसरलो," मी म्हटलं.

मग तू म्हणालीस की लाइन नीट नाही. लाइन चांगली होती, मागे मशिनींचा आवाज येत होता. केबिनला काच असली तरी आवाज येतोच म्हणा. फोन ठेवल्यावर तुझी आई शेजारणीला मोठ्याने सांगत होती की आमच्या मुलीच्या हाताखाली चाळीस बायका आहेत. मी आत जाऊन बसलो.

एक मन म्हणतं, हातात कला आहे, रिकामपणी दोन-चार बटणं लावत असशील. मीही दुकानात मालक असून काज-बटण स्वतः करायचोच की.

१३ फेब्रुवारी

शेडमध्ये आम्ही सहा म्हातारे. माझ्या बाजूला कंडक्टर बसतो. तीस वर्षं बसवर होता, पट्टी अशी ओढतो की जणू तिकीट फाडतोय, आणि ओढलेली पट्टी हातातल्या गठ्ठ्याला नेमकी लावतो. आज मी त्याला विचारलं की एवढा उपद्व्याप कशासाठी, कोट थेट का नाही पाठवत?

"अरे मास्तर, तुला पेपर वाचता येतो ना? त्या मोठ्या देशाने तिथल्या कोटांवर असला कर बसवलाय की घेणाऱ्याला घाम फुटेल. आपल्यावर कमी आहे. म्हणून कोट आधी आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो, गळा बदलतो आणि घरचा होऊन पुढे जातो."

"म्हणजे लबाडीच."

"माझ्या बसमध्ये कुणी असं अर्ध्या वाटेत तिकीट बदललं असतं तर मी गाडी उभी केली असती."

"मग आता?"

"आता मी रिटायर आहे."

सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गंमत बघ. तुझी पोर इथून तिथे गेली. जाताना दीड वर्ष रांगेत, शिक्के, फोटो, रक्ततपासणी. तिने शिवलेला कोट मात्र आठ दिवसांत इथे येतो, नाव बदलतो नि तिसऱ्याच देशात जाऊन उभा राहतो. त्याला कुणी विचारत नाही, बाबा तुझा बाप कोण."

तो उगाच बोलला. त्याला टाक्याचं काही माहीत नाही. तरी ब्लेड माझ्या बोटाला लागलं.

२७ फेब्रुवारी

पंधरा दिवस लिहिलं नाही. काय लिहू? रोज जातो आणि रोज तुझी बटणं शोधतो. पट्टी उसवायच्या आधी हात आपोआप बटणाकडे जातो. सुरुवातीला एका गठ्ठ्यात पाच-सहा कोट तुझे असायचे. या आठवड्याच्या गठ्ठ्यात दोनशेपैकी एकशे सत्तर तुझे निघाले. माझा हात तरणा होता तेव्हाही मला एवढं झेपलं नसतं. किती वेग आलाय तुला!

जेवता जेवता हे आईला सांगावंसं वाटलं. पण सांगायचं तर वाचनालयापासून सगळंच सांगावं लागेल. मी नुसताच म्हणालो, "आपली पोर कामसू आहे."

"आज काय मधेच?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मागच्या रविवारी तुझा फोन आला नाही. कामात असशील.

६ मार्च

आज गंमत झाली. नव्या गठ्ठ्यात आपला टाका आहे, पण आरशातला. सात वेढे आहेत, फक्त उलट्या बाजूने फिरलेले. आठवा मागचा जरा सैल. म्हणजे तू समोर बसवून कुणाला तरी शिकवलंस! तूही लहानपणी अश्शीच चुकायचीस. मग सुपरवायझर आहेस हेही खरंच असणार, नाहीतर कारखान्यात शिकवायची उसंत कुणाला मिळते? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी उगीचच तुझ्यावर संशय घेतला, माझं तोंड काळं.

त्या मुलीला सांग, आठवा वेढा घेताना अंगठ्याने दाबून धर म्हणावं. आणि शेजारी बसव, समोर नको.

तुझा स्वतःचा टाका मात्र या गठ्ठ्यात एकही दिसला नाही. बरोबरच आहे. शिष्य तयार झाला की मास्तरने सुई खाली ठेवायची.

८ मार्च, रविवार

फोन आला. आई म्हणाली, "व्हिडिओ लाव की, तोंड तरी दिसू दे." तू म्हणालीस कॅमेरा बिघडलाय. आवाज बसलेला वाटला. सर्दी म्हणालीस. मी म्हटलं, "शिष्य कशी आहे?" तू म्हणालीस, "कोण शिष्य?" मी घाईघाईने विषय बदलला, कारण मला कसं कळलं हे विचारलं असतंस तर मी काय सांगणार होतो?

१२ मार्च

आज मी जे केलं ते लिहायला नको वाटतंय. पण तू खरं लिहायला सांगितलं आहेस.

कडकने कालच बजावलं होतं, तपासणी आहे. माल इथेच बनतो असा दाखला देणाऱ्या सरकारी कचेरीतून कुणीतरी येणार. सकाळी जाऊन बघतो तर शेडमध्ये आठ शिलाई मशिनी मांडलेल्या. त्यांच्यावर सात बायका बसवलेल्या, ज्यांना मी आजच प्रथम पाहिलं. एक बाई कमी पडली म्हणून शेवटच्या मशिनवर कंडक्टर.

तपासायला एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, हातात फाइल. भरभर काही बोलल्या नाहीत. मशिनींवरून बोट फिरवलं. कंडक्टरपाशी थांबल्या. हा गडी पाय मारतोय, मारतोय आणि चाक जागचं हलत नाही. मशिनला पट्टाच नव्हता.

"काका, तुमचं मशिन चालत नाहीये."

"स्टॉपवर उभं आहे, मॅडम," कंडक्टर म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. एक कोट उचलला, बटण पाहिलं, भिंग काढून परत पाहिलं. "ही बटणं हाताने लावलेली आहेत. कुणी लावली?"

कडक माझ्याकडे बघत म्हणाला, "आमचे मास्तर आहेत ना."

मॅडम माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, घाबरू नका. हा माल तिथून आला असेल तर तेवढं एक वाक्य सांगा. मी तिकडे लिहीन. मग तिकडची माणसं त्या कारखान्यात जाऊन बघतील. तिथल्या काही कारखान्यांबद्दल बरंच ऐकू येतं. बाहेरून आलेल्या बायकांचे पासपोर्ट काढून घेतात, कोंडल्यासारखं ठेवतात म्हणे."

पोरी, मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की माणसं कारखान्यात जाणार. कारखाना बंद पडणार आणि तुझं काम जाणार. काचेची केबिन जाणार. आणि ते माझ्यामुळे.

"मी लावली बटणं," मी म्हटलं.

"करून दाखवाल?"

सुईत दोरा मीच ओवला. पहिल्या फटक्यात गेला. बोटावर अंगुस्तान चढवलं, बटण धरलं आणि सगळे माझ्याभोवती गोळा झाले. सात पुढे, एक मागे. मॅडमनी माझं बटण आणि गठ्ठ्यातल्या एका जुन्या कोटाचं बटण शेजारी शेजारी धरलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं. तो कोट फेब्रुवारीतला, तुझ्या हातचा. दोन्हींचे फोटो काढले.

"असा टाका मी कुठेच पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या.

"कुठे नसतोच," मी म्हटलं. आणि काय सांगू, सांगताना मला अभिमान वाटला! लाज वाटायची ती जागा, आणि मी मान ताठ करून बसलो होतो.

मॅडमनी फाइल मिटली. जाताना दारात वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून सोडत नाही.

१३ मार्च

कडकने सगळ्यांच्या देखत मला एक कोट दिला. "मास्तर, तुमच्या बोटांनी काल वर्षभराचं काम वाचवलं." मी नको म्हणालो नाही. बाकीचे टाळ्या वाजवत होते. कंडक्टरने वाजवली नाही, तो गठ्ठा सारखा करत होता.

कोट घरी नेला. तुझ्या आईला सांगितलं, वाचनालयात सोडत होती, तीत लागला. तिचा विश्वास बसला. मला घालायला लावून चारही बाजूंनी फिरवलं. "जन्मभर दुसऱ्यांचे शिवलेत. आता जरा स्वतः माणसासारखे दिसताय." बटणं त्या शिकाऊ मुलीची होती, आरशातली. मी कोट लगेच काढून ठेवला. गरम होतंय म्हणालो.

२२ मार्च, रविवार

फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. आईने लावला तर बंद लागतो.

तुला तिकडे नेणाऱ्या एजंटकडे गेलो. तो म्हणाला, "आजोबा, वर्षापूर्वीच त्यांनी तिला दुसऱ्या कारखान्यात दिली. कुठल्या ते माझ्या हातात नाही. नो न्यूज म्हणजे गुड न्यूज समजा." दिली म्हणाला. जसं कापड देतात.

३० मार्च

आज तीन गठ्ठे आले. सहाशे कोट. मी एकूण एक बटण बघितलं. आपला टाका एकही नाही, सरळ नाही की उलटाही नाही. सगळीकडे गाठी. शेवटचा गठ्ठा संपत आला तरी मी विश्वास ठेवीना, परत पहिल्यापासून बघायला लागलो. त्या धांदलीत वाफेच्या इस्त्रीवर उजवा हात पूर्ण टेकला. कंडक्टर मला दवाखान्यात घेऊन गेला. बोटांसकट पट्टी बांधली आहे. हे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून असं आहे.

आईला सांगितलं, चहाचं भांडं उलटलं.

"वाचनालयात?" ती म्हणाली.

३ एप्रिल

दुपारी तुझी आई तो कोट घेऊन आली. "अहो, हे बघा तुमच्या सोडतीचं. घालायच्या आधीच बटण हातात आलं."

मी म्हटलं, शक्य नाही. आपल्या टाक्याचं बटण असं येणार नाही.

"आपल्या?" ती म्हणाली.

मी सुई मागितली, तिने ओवून दिली. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या हाताने लावायला बसलो. फार वेळ लागला. सात पुढे, एक मागे. डावा अंगठा दाब देईना, आठवा वेढा सैल राहिला. संपल्यावर कोट खिडकीशी नेऊन पाहिला.

वेढे उलट्या बाजूने फिरले होते. खालचं बटण पाहिलं. त्याच्या खालचं पाहिलं. मी आत्ता लावलेलं कुठलं आणि आधीची कुठली, हे मलाच ओळखू येईना.

शिष्य नव्हतीच. सहा मार्चला मी ज्याचा आनंद मानला तो तुझा डावा हात होता. तेव्हा उजव्याला काय झालं होतं तुझ्या? आणि तसल्या हाताने दोनशे कोट? आणि आता तर डावाही नाही.

आई चहा घेऊन आली तोवर मी तसाच उभा होतो. मग सगळं बोललो. शेड, पट्ट्या, तुझा टाका, मॅडम. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"ती कधीच सुपरवायझर नव्हती," ती शेवटी म्हणाली. "मीच सांगितलं होतं तिला, बाबांशी असं बोल म्हणून. ती गेल्यावर तुम्ही जेवत नव्हता."

"आणि हात?"

"हाताचं मलाही नाही सांगितलं तिने." तिने कोट माझ्या हातातून घेतला, घडी केली, परत उलगडला. "आणि तुमचं वाचनालय! रोज सदऱ्याला दोऱ्याचे तुकडे लावून येता. पुस्तकांना दोरे असतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"मास्तर म्हणून कुणी हाक मारत असेल तुम्हाला, असं वाटलं. पाठ ताठ झाली होती तुमची."

मग ती रडली. मला रडू येईना. जरा वेळाने डोळे पुसून म्हणाली, "सोमवारी कचेरी उघडते. मी पण येणार."

६ एप्रिल

गेलो. तीन तास बाकावर. मॅडमनी मला लगेच ओळखलं.

"मॅडम, मी खोटं बोललो. बटणं माझ्या मुलीची आहेत. ती तिथे आहे. तुम्ही म्हणाला होता तसं तिकडे लिहा, माणसं पाठवा."

त्यांनी फाइल काढून दोन फोटो समोर ठेवले. "काका, मला त्या दिवशी खात्री होती की सगळं नाटक आहे. फक्त तुमचा टाका खरा होता. हे दोन्ही एकाच हातचे आहेत असं मी स्वतः लिहून पाठवलंय."

"मीच शिकवलाय तिला. म्हणून सारखा आहे."

"हेच मालकाचा वकील उलटं म्हणेल. म्हातारा रागावलाय, आता कथा रचतोय."

आई मधेच म्हणाली, "बाई, आम्ही कथा रचणारी माणसं दिसतो का? यांना धड पत्र लिहिता येत नाही."

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग मला म्हणाल्या, "तुमचा जबाब लिहून घेते. खोटी साक्ष दिल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई होईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"कारखाना कुठला?"

मी देशाचं नाव सांगितलं.

"देश कळला, काका. तिथे असे हजारो आहेत. नाव, नंबर, काहीतरी? कोटाच्या गळ्यात पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो."

पोरी, सप्टेंबरपासून ती पट्टी हजारो वेळा माझ्या हातात होती. तू कुठे आहेस ते रोज माझ्या चिमटीत यायचं आणि मी ते ब्लेडने काढून पोत्यात टाकायचो. कडक दर शनिवारी पोतं जाळतो. मुंगीएवढी अक्षरं एकदाही वाचली नाहीत. टाका पाहिला, स्वतःची कला पाहिली, पण पत्ता नाही पाहिला.

"आठवत नाही," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येईपर्यंत नाही.

८ एप्रिल

काम सोडलं, म्हणजे कडकने काढलं. जबाबाची बातमी त्याला कशी पोचली देव जाणे. काल त्याचा माणूस दारात येऊन सांगून गेला, "आजोबा, उद्यापासून येऊ नका." मास्तर म्हणाला नाही.

आज संध्याकाळी कंडक्टर आला. आईने खुर्ची दिली तरी बसला नाही. खिशातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला.

"मास्तर, मला सवय आहे. रोजचं एक तिकीट बाजूला काढून मागे तारीख टाकायची. तीस वर्षं तसंच केलं, डेपोत विचारलं तर दाखवायला. पट्ट्यांचंही तेच केलं. बायको म्हणते भंगार गोळा करतोस." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुझ्या मुलीचे कोट कुठल्या दिवसांचे, एवढं सांग."

मी ही वही आणली. मागची पानं उलटली. तीन फेब्रुवारी. सत्तावीस. सहा मार्च. त्याने त्या दिवसांच्या तीन पट्ट्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. आईने चष्मा लावून वाचलं. तिन्हींवर एकच नंबर, खाली गावाचं नाव आणि टपालपेटीचा आकडा.

"तू तपासणीच्या दिवशीच का नाही बोललास?" मी त्याला विचारलं.

"तू लावलेलं बटण त्या कोटाच्या बटणासारखं निघालं तेव्हाच मी ओळखलं. पण तुझं तोंड बघवत नव्हतं रे."

९ एप्रिल

सकाळी मॅडमना एक पट्टी दिली. त्यांनी पाकिटात घातली, नंबर आज तिकडे कळवते म्हणाल्या. किती दिवस लागतील ते मात्र सांगता येत नाही. माझी चौकशी वेगळी चालेल. चालू दे.

दुसऱ्या पट्टीवरचा पत्ता पाकिटावर उतरवून ही वही तुला पाठवतोय. तू आल्यावर वाचणार होतीस, पण आता मी थांबू शकत नाही. तिथल्या मालकाच्या हाती पडली तर? या विचाराने कालपासून जीव थाऱ्यावर नाही. आई म्हणते, पडू दे, त्याला आपली भाषा कुठे येते! शेजारणीला तिने आज स्वतः जाऊन सांगितलं की आमची मुलगी सुपरवायझर नाही, बटणं लावते. तिसरी पट्टी तिने तुझ्या फोटोमागे खोचून ठेवली आहे.

माझ्यावर राग धर, तो तुझा हक्क आहे. मॅडम समोर बसून विचारत होत्या आणि तुझा बाप कला दाखवत बसला. पण राग धरलास तरी कळव. फोन नसेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून एक शब्द. तेही जमत नसेल तर एक बटण लाव. कंडक्टर अजून शेडमध्ये आहे, मी त्याला वेढे मोजायला शिकवलंय. तो म्हणतो, आलेला एकही कोट मी हात लावल्याशिवाय सोडणार नाही. सरळ असो की उलटं, सैल असो, कुठल्याही हाताने असो. सात पुढे आणि एक मागे. आम्ही समजू. लवकर कळव गं पोरी, फार लवकर कळव.